तीस अंशांच्या आत

खोक्यावर छापलंय: तीस अंशांच्या आत ठेवा.
वैशाखात पारोळा तालुक्यात
तीस अंश असतात पहाटे चारला,
तेही माठाच्या पोटात.
माझ्या घरावर पत्रा, पत्र्याखाली लोखंडी कपाट,
कपाटावर किटांचा खोका.
किटचं नाव निश्चय.

आणि तिचं नाव योजना.
एकदा बैठकीत म्हटलं, काल योजना आली होती,
तर मॅडमनी विचारलं, कोणती?
सगळ्या हसल्या. मीही.

योजना भटू पाटील, वय तेवीस.
पाळी चुकून चार दिवस, असं ती म्हणाली,
पण हिशोब धरला होता नणंदेच्या मांडवापासून,
आणि लग्नघरात तारखा कुणाच्या जाग्यावर असतात?

दुपारचे दोन. भुईमूग उपटून आली होती.
मजुरांचा टेम्पो चारला निघतो,
सकाळची पहिली लघवी अंधारात, बांधावर गेली.
सकाळचीच लागते, हे मला पाठ आहे,
प्रशिक्षणात उभं राहून मीच उत्तर दिलं होतं,
बिस्किटपुडा मिळाला होता.
तरी म्हटलं, आलीस तर करून टाकू.
तिला होईना.
तांब्या मीच दिला. एक. मग दुसरा.
आलं ते पाण्यासारखं पाणी.

तीन थेंब. पाच मिनिटं थांबायचं.
दुसऱ्याच मिनिटाला पोलिओच्या यादीसाठी फोन आला,
बोलता बोलता मी पट्टीकडे पाहिलं.
"एकच शे ना वं?"
एकच शे, म्हटलं.
वहीत लिहिलं: नाही.

नऊ दिवसांनी रात्री तिच्या पोटात कळ उठली.
सासूनं ओवा दिला, गरम पाणी दिलं,
"आशाबाईनी सांगेल शे, काही नही."
माझा शब्द त्या घरानं
पहाटेपर्यंत धरून ठेवला.

मग गाडी. मुकटी गेलं, फागणं गेलं,
तिच्या मुठीत माझा पदर, आणि मूठ सैल होत चाललेली.

धुळ्याला सिव्हिलचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा.
गर्भ नळीत होता, म्हणाला. नळी फुटली. वाचली ती.
मी त्याला सगळं सांगितलं,
तांब्या, पत्रा, फोन, भुईमूग, मांडव.
तो हात धूत होता.
नळीत असला की कधी कधी पट्टीला पुरतं कळत नाही.
लवकर केली असेल तरी नाही.
पाण्यानंही होतं.
नेमकं कशानं, ते आता सांगता येणार नाही.

त्यानं एक काहीतरी सांगायला हवं होतं.
पाणी म्हणाला असता,
तर मी पाणी घेऊन झोपले असते.

किट आता माठाशेजारी, गोणपाटाच्या सावलीत.
वही उलगडून बसले तर त्या वर्षाचे एकोणीस "नाही",
सगळे माझ्याच अक्षरात.
एकेकीच्या दारात गेले.
द्रौपदाबाईच्या सुनेची दुसऱ्यांदा केली, दोन रेघा.
ती म्हणाली, "मावशी, माले ठाऊक व्हतं.
तुम्हीन नही सांगं, मंग मी उगी राहिनू."

मार्गशीर्षात योजना आली, सूर्य उगवायच्या आधी,
खोकल्याच्या औषधाची बाटली पदराखाली,
लेबल नखानं खरवडलेलं.
"रातभर थेंब नही लिधा."
ओठ फुटलेले होते तिचे.
मी फोन पिठाच्या डब्यात टाकला, वर झाकण लावलं.
पाच मिनिटं आम्ही दोघी
चुलीकडे पाहत बसलो, पट्टीकडे नाही.

एक रेघ.
दारात नेली, उजेडाकडे तिरपी धरली.
दुसऱ्या रेघेच्या जागी काहीतरी होतं,
किंवा मला हवं होतं.
तिला म्हटलं, आज दिसत नाही.
आठ दिवसांनी ये. त्याआधी दुखलं,
तर रात्री दोनला सुद्धा कडी वाजव.

महिनाअखेरीला वही तपासताना मॅडम म्हणाल्या,
हा रकाना कोरा का?
म्हटलं, मॅडम, आठ दिवस व्हायचे आहेत.
त्यांनी पेन्सिलीनं तिथं गोल केला
आणि पान उलटलं.